लेखनिकाचा हात

१९८६ सालच्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका परीक्षा केंद्रावर, जिन्याखालच्या अरुंद खोलीत बसून मी पहिल्यांदा दुसऱ्या कोणाचा तरी पेपर लिहिला. मी तेव्हा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. ज्याचा पेपर होता तो तिसऱ्या वर्षाला, इतिहास घेतलेला आणि जन्मापासून अंध. त्याचा ठरलेला लेखनिक आयत्या वेळी आला नाही. वसतिगृहात निरोप आला, "कोणाचं अक्षर बरं आहे?" मैत्रिणींनी मला पुढे केलं. अक्षर बरं असणं एवढीच माझी पात्रता होती.

प्रश्न पेशवाईच्या अस्ताच्या कारणांवर होता. तो सांगत होता ती वाक्यं तुटक होती, छोटी होती. दुसऱ्या बाजीरावाकडे माणसं होती, पण भरवशाची नव्हती. पैसा होता, पण वेळेवर नव्हता. असं काहीसं. मला ते अगदीच गावठी वाटलं. मी मराठी विषय घेतलेली, वाचनाची हौस असलेली मुलगी. मी त्याच्या प्रत्येक दोन वाक्यांचं एक भारदस्त वाक्य करून लिहीत गेले. 'कारणमीमांसा', 'पर्यवसान', 'अपरिहार्य' असे शब्द त्याच्या उत्तरात माझ्या हातून उतरले. दीड पान झाल्यावर तो म्हणाला, "ताई, जरा वाचून दाखवता?" मी वाचलं, थोडं अभिमानानेच. तो शांतपणे ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "हे माझं नाही. मार्क पडतील, पण ते तुमचे होतील. खोडा आणि मी सांगतो तसं घ्या."

खोडलं आणि पुन्हा लिहिलं. त्यात वीस-पंचवीस मिनिटं गेली आणि शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. निकालानंतर कळलं की त्याचा दुसरा वर्ग चार गुणांनी हुकला. त्या चार गुणांतले माझ्यामुळे गेलेले किती, हा हिशेब मी अजून मांडते आणि तो अजून सुटत नाही.

पुढे मी एका जिल्ह्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवायला लागले. अपंग विद्यार्थ्यांच्या साहाय्य केंद्राचं काम कोणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून ते माझ्याकडे आलं आणि निवृत्तीपर्यंत राहिलं. या कामावर आपल्याकडे भावनेच्या भरात पुष्कळ लिहिलं जातं. ते काम चालतं कसं, कुठे अडतं आणि का अडतं, याबद्दल मात्र फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून हा लेख.

लेखनिक ही आपल्या परंपरेला परकी कल्पना नाही. महाभारताच्या कथेत व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहिलं. गणपतीची अट होती की लेखणी थांबता कामा नये. त्यावर व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही. ही गोष्ट मी लेखनिकांच्या सरावाच्या पहिल्या दिवशी नेहमी सांगते, कारण कामाचे दोन्ही पेच तिच्यात आहेत. सांगणाऱ्याचा वेग आणि लिहिणाऱ्याची समज यांचा मेळ बसला नाही, तर दोघंही बुडतात. ज्ञानेश्वरी नेवाशाला शके १२१२ मध्ये सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे आपल्याला ठाऊक आहेत. आणि विदर्भातले गुलाबराव महाराज तर तान्हेपणीच दृष्टी गेलेले. १८८१ ते १९१५ एवढ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले, ते इतरांकडून वाचवून घेऊन आणि इतरांना सांगून. त्यांना आपण प्रज्ञाचक्षू म्हणतो. त्यांच्यासाठी वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या माणसांची नावं सांगता येतील असे वाचक मात्र थोडेच असतील.

परीक्षेचा लेखनिक आणि ग्रंथाचा लेखनिक यांत एक मोठा फरक आहे. ग्रंथाच्या लेखनिकावर कोणी संशय घेत नाही. परीक्षेच्या खोलीत मात्र संशय पहिल्या मिनिटापासून हजर असतो. लिहिणाऱ्याला उत्तर माहीत असेल तर? तो आपल्या मनाने भर घालेल तर? संशय सर्वस्वी खोटा नाही. मी स्वतःच भर घातली होती, फक्त ज्ञानाची नव्हे तर भाषेची. लेखनिकाबद्दलचे आपल्याकडचे सगळे नियम या संशयाभोवती फिरत आलेले आहेत.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात ती एकवीस झाली. वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता, जिला आपण सरसकट डिस्लेक्सिया म्हणतो, ती केंद्रीय कायद्यात याच वेळी आली. याच कायद्याने उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या आणि परीक्षेत जादा वेळ व लेखनिक देणं ही शिक्षणव्यवस्थेची जबाबदारी म्हणून नोंदवली. त्याआधी २६ फेब्रुवारी २०१३ रोजी केंद्राने लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. २९ ऑगस्ट २०१८ ला त्यांची जागा नव्या सूचनांनी घेतली.

या सूचनांतला एक शब्द मला फार आवडतो. तिथे म्हटलं आहे की 'जादा वेळ' असा शब्दप्रयोग करू नये, 'भरपाईचा वेळ' म्हणावं. दर तासाला किमान वीस मिनिटं. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. जादा म्हणजे इतरांहून अधिक, मेहेरबानीने मिळालेलं. भरपाई म्हणजे जे आधीच गेलेलं आहे ते परत. भाषेच्या बाबतीत सरकारी कागद इतका नेमका असलेला मी क्वचितच पाहिला. दुर्दैवाने आमच्या पर्यवेक्षकांच्या तोंडी तो कधी रुजला नाही. "यांना एक तास एक्स्ट्रा आहे," असंच ते आजही दारातून ओरडून सांगतात.

वेळ जातो तरी कुठे? डोळस विद्यार्थी प्रश्नपत्रिका हातात घेतल्यावर मिनिटभरात वरून खाली नजर टाकतो आणि कोणता प्रश्न आधी सोडवायचा ते ठरवतो. अंध विद्यार्थ्याला संपूर्ण प्रश्नपत्रिका ऐकावी लागते, विकल्पांसह, बहुधा दोनदा. त्यातच दहा-बारा मिनिटं जातात. मग उत्तराचा आराखडा. आपण कडेला पेन्सिलीने मुद्दे टिपतो, त्याला ते डोक्यात धरून ठेवावे लागतात. सांगताना त्याने लिहिणाऱ्याच्या वेगाला थांबायचं, आणि थांबला की पुढचं वाक्य निसटतं. उत्तर मध्येच आठवून पाहायचं तर मागचं पान पुन्हा वाचून घ्यावं लागतं. 'हा मुद्दा मी आधी लिहिला का?' हा प्रश्न आपण नजरेच्या एका फटकाऱ्यात सोडवतो, त्याला त्याची किंमत दोन मिनिटांनी मोजावी लागते. मी एकदा सरावाच्या वेळी घड्याळ लावून पाहिलं होतं. ज्या मजकुराला मला स्वतःला लिहायला तीस मिनिटं लागली, तोच सांगून लिहून घ्यायला एका हुशार मुलीला चव्वेचाळीस मिनिटं लागली, तीसुद्धा सवयीच्या लेखनिकाबरोबर. अनोळखी लेखनिक असता तर कितीतरी अधिक. म्हणूनच सूचनांत म्हटलं आहे की लेखनिक परीक्षेच्या दोन दिवस आधी भेटला पाहिजे. आमच्याकडे तो पुष्कळदा पेपरच्या सकाळी फाटकावर भेटतो.

खरी अडचण आहे ती 'एक पायरी खाली' या नियमाची. २०१३ च्या सूचनांनी लेखनिकाच्या शिक्षणाची, गुणांची, वयाची अट घालू नये असं म्हटलं होतं. २०१८ मध्ये ती भूमिका बदलली. विद्यार्थ्याने स्वतःचा लेखनिक आणला, तर त्याचं शिक्षण विद्यार्थ्याच्या एक पायरी खाली हवं, असं त्या सूचनांत ठरलं होतं. हेतू उघड आहे. परिणाम मात्र पाहण्यासारखे आहेत. एम. ए. संस्कृतच्या विद्यार्थिनीला एक पायरी खालचा आणि तरीही देवनागरीत संस्कृत चुकांशिवाय उतरवून घेणारा माणूस कुठून आणायचा? बी. कॉम.च्या मुलाला ताळेबंदाचे रकाने ओढणारा, पण हिशेबशास्त्र न शिकलेला हात कुठून मिळवायचा? त्यात 'पायरी' म्हणजे काय हेही प्रत्येक केंद्रप्रमुख आपापल्या परीने ठरवतो. एकाच्या लेखी बी. ए. तिसऱ्या वर्षाची खालची पायरी म्हणजे दुसरं वर्ष, दुसऱ्याच्या लेखी बारावी.

आणि यात एक साधी, कोणाच्या लक्षात न येणारी गोष्ट आहे. मार्च-एप्रिलमध्ये एक पायरी खालच्या सगळ्या मुलांच्याही परीक्षा असतात! ज्यांच्याकडे वेळ आहे, मन आहे, सुवाच्य अक्षर आहे अशा निवृत्त शिक्षिका, बँकेतून बाहेर पडलेले गृहस्थ, घरी असलेल्या पदवीधर स्त्रिया, हे सगळे जास्त शिकलेले म्हणून बाद. मी डॉक्टरेट घेतली त्या दिवसापासून या नियमाच्या लेखी बहुतेक परीक्षांना निरुपयोगी झाले. मग आम्ही शिपायाच्या मुलीला विचारतो, ग्रंथालयातल्या मदतनिसाच्या भाच्याला विचारतो. ती मुलं येतात, जीव तोडून लिहितात. पण 'द्वंद्वात्मक' हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकणारा मुलगा तो कसा लिहील? अर्थशास्त्राच्या एका पेपरात आमच्या विद्यार्थ्याने 'लवचिकता' सांगितलं, ते उत्तरपत्रिकेत पाच ठिकाणी 'लवचिक ता' असं तोडून आलं. परीक्षकाला काय वाटलं असेल ते मी कल्पनेने जाणते, कारण मी स्वतः वर्षानुवर्षं परीक्षक होते आणि मीही अशा उत्तरपत्रिकांवर कपाळाला आठ्या घातल्या आहेत.

दृष्टिहीनता, दोन्ही हात निकामी असणं आणि सेरेब्रल पाल्सी या तीन प्रकारांत विद्यार्थ्याने मागितलं की लेखनिक मिळतो. बाकीच्यांना सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. आणि या सगळ्याला चाळीस टक्क्यांची एक रेघ होती. कायद्यातल्या आरक्षणासारख्या सवलती 'लक्षणीय' म्हणजे किमान चाळीस टक्के अपंगत्वाला आहेत. ती रेघ परीक्षेच्या खोलीतही ओढली गेली. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हाच प्रश्न आला. हा उमेदवार वैद्यकीय पदवीधर, नागरी सेवा परीक्षा देणारा. त्याला लेखनवेदनेचा, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. वैद्यकीय मंडळाने आकडा दिला सहा टक्के. सहा टक्के अपंगत्वाने तो तीन तासांचा निबंधवजा पेपर शंभर टक्के लिहू शकत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल दिला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निकालाचा गाभा असा, की आरक्षणासाठीची चाळीस टक्क्यांची अट लेखनिकाला लावता येणार नाही. लेखनिक ही समतेसाठीची वाजवी सोय आहे आणि ती अपंगत्वाच्या टक्क्यावर नव्हे, अडचणीच्या स्वरूपावर ठरते. गैरवापर होईल या भीतीने खऱ्या गरजूला दार बंद करता येत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं. त्यातून १० ऑगस्ट २०२२ च्या नव्या सूचना निघाल्या, चाळीस टक्क्यांच्या आतल्यांसाठी. त्याच वर्षी, २०२१ च्या नोव्हेंबरात, नीट परीक्षेत हक्काचा एक तास नाकारल्या गेलेल्या लेखन-अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीच्या बाजूनेही न्यायालयाने निकाल दिला.

हे निकाल मी छापून केंद्रात फायलीला लावले. एका केंद्रावर मी ती फाईल घेऊन गेले, तेव्हा तिथल्या गृहस्थांनी चष्मा काढून विचारलं, "मॅडम, हे सुप्रीम कोर्टाचं झालं. विद्यापीठाचं पत्र आहे का?" पत्र आणेपर्यंत पाऊण तास गेला. त्या पाऊण तासाची भरपाई कोणत्याही सूचनेत नाही.

परीक्षा हा झाला शेवट. त्याआधीचं वर्ष कसं जातं, तिथे खरं काम असतं.

अंध विद्यार्थ्याला शिकवणं म्हणजे बव्हंशी मजकूर त्याच्यापर्यंत पोहोचवणं. माझ्या त्या पहिल्या विद्यार्थ्याच्या काळी कॅसेट होत्या आणि ब्रेल पाटी-टोचणी होती. ब्रेलबद्दल डोळस वाचकांना फार थोडं माहीत असतं, म्हणून थोडं थांबते. सहा ठिपक्यांच्या एका घरात त्रेसष्ट खुणा होतात. भारतीय भाषांसाठी वेगवेगळ्या पद्धती चालत असत, त्या मोडून १९५१ मध्ये भारती ब्रेल ही एक पद्धत आली. तिच्यात क ची खूण आणि इंग्रजी के ची खूण एकच. पाटीवर टोचताना कागदाच्या मागून टोचायचं, म्हणून उजवीकडून डावीकडे लिहायचं आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं. आता मजा पाहा. ब्रेलमध्ये काना-मात्रा-वेलांटी अशा वेगळ्या खुणा नाहीत, व्यंजनापुढे सरळ स्वर लिहायचा. 'कि' म्हणजे आधी क, मग इ. छापील मराठीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, पण उच्चारात ती नंतर असते आणि ब्रेल उच्चाराला धरून चालतं. जोडाक्षरासाठी एक टिंब आहे, ते जोडाक्षराच्या आधी येतं. 'शक्ती' म्हणजे श, मग ते टिंब, मग क, त, ई. बोटाला आधीच सूचना मिळते की पुढचं अक्षर मोडकं आहे. रफार कुठे द्यायचा, र चं कोणतं रूप घ्यायचं, असले आपले छापील संसार तिथे नाहीतच.

ब्रेल वाचणाऱ्याचं शुद्धलेखन म्हणूनच चांगलं असतं. केवळ ऐकून शिकणाऱ्याचं नसतं, कारण मराठीत बोलताना ऱ्हस्व-दीर्घाचा फरक कान फारसा देत नाही. आणि आता बहुतेक मुलं ऐकूनच शिकतात. ब्रेलचा एक जाडजूड खंड म्हणजे छापील पुस्तकाची थोडी पानं. कपाटं भरतात, पुस्तकं संपत नाहीत. तरी मराठीत 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक २००८ पासून सुरू झालं, याचं अप्रूप वाटतं.

संगणक बोलायला लागला तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. एनव्हीडीए नावाचा पडदा-वाचक २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने लिहायला घेतला, दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला, आणि तो त्यांनी सर्वांना फुकट दिला. आमच्या केंद्रात तो आला. मी उत्साहाने माझ्या ग्रामीण साहित्यावरच्या टिपणांची फाईल एका मुलाला दिली. त्याने कानाला हेडफोन लावला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "मॅडम, हे इंग्रजीत शिव्या दिल्यासारखं वाचतंय."

कारण साधं होतं. मराठी टंकलेखन कित्येक वर्षं ज्या फॉन्टांत झालं, त्यांत पडद्यावर क दिसत असला तरी आत साठवलेलं असतं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह. फॉन्ट म्हणजे त्यावर चढवलेला मुखवटा. डोळ्याला मुखवटा दिसतो, पडदा-वाचकाला आतला चेहरा. युनिकोडमध्ये क हा खरोखर क म्हणून साठवला जातो. आणि गंमत अशी, की तिथेही ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतरच साठवली जाते, ब्रेलसारखीच. कान, बोट आणि यंत्र यांचं मराठीच्या बाबतीत एकमत आहे. वेलांटी आधी येते ती फक्त डोळ्यांसाठी.

माझी पंधरा वर्षांची टिपणं जुन्या फॉन्टांत होती. मी ती एका सुट्टीत पुन्हा टाईप केली, कारण रूपांतराच्या साधनांनी जोडाक्षरांचा चुराडा केला. तेवढ्याने भागत नाही. पुष्कळ संदर्भपुस्तकांच्या पीडीएफ प्रती म्हणजे पानांचे फोटो असतात आणि फोटोत अक्षर नसतंच. ते यंत्राकडून ओळखून घ्यायचं, मग कोणीतरी बसून दुरुस्त करायचं. जुन्या छपाईत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची यंत्राला हमखास गफलत होते. 'भाव'चा 'माव' झालेलं पुस्तक ऐकून सौंदर्यशास्त्र शिकणं म्हणजे काय ते कल्पनेने पाहावं. कायदा या बाबतीत आड येत नाही. २०१२ मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग वाचकांसाठी, नफा न कमावता, कोणतंही पुस्तक सुगम रूपात आणायला परवानगीची गरज उरली नाही. पुढच्या वर्षी मराकेशला याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. मुंबईला झेवियर महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठीचं जे केंद्र चालतं, तिथे हे काम शिस्तीने होताना दिसतं. आमच्याकडे ते राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांवर आणि माझ्या नवऱ्यावर चाललं. तो निवृत्त अभियंता, मराठी व्याकरणाशी त्याचं कधी जमलं नाही, पण 'ध' आणि 'घ' ओळखण्यात त्याचा हात कोणी धरला नाही.

एक कबुली द्यायला हवी. आमचं केंद्र अंध मुलांसाठी बऱ्यापैकी चाललं, कर्णबधिर मुलांसाठी नाही. चार-पाच मुलं आली, त्यातली तीन वर्षाच्या आत गेली. आम्ही त्यांना पहिल्या बाकावर बसवलं आणि काम झालं असं मानलं. ओठ वाचणारा विद्यार्थी वहीत मान घालून लिहू लागला की व्याख्यान त्याच्यापुरतं बंद पडतं, हे मला दुसऱ्या वर्षी उमगलं. त्याला हवा असतो वर्गात त्याच्यासाठी टिपणं घेणारा मित्र, आणि खरं तर खुणांची भाषा जाणणारा दुभाषी. सांकेतिक भाषेवर काम करणारी राष्ट्रीय संस्था दिल्लीत २०१५ मध्ये उभी राहिली. आमच्या गावात मला महाविद्यालयाच्या पातळीचा एकही दुभाषी मिळाला नाही. त्यातून आणखी एक गोष्ट अशी, की खुणांच्या भाषेत वाढलेल्याला मराठी ही दुसरी भाषा असते, विभक्तिप्रत्यय त्याच्या हातून सुटतात. आम्ही त्याची उत्तरपत्रिका मातृभाषेची म्हणून तपासतो. त्यातल्या एका मुलीला मी स्वतः नापास केलं होतं. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं.

लेखनिकांना मी काय शिकवते, ते आता सांगते. प्रश्न दोनदा वाचायचा, दोन्ही वेळा सारख्याच सुरात, कारण एखाद्या पर्यायावर नकळत आवाज चढला की उत्तर फुटतं. चेहरा दिसत नसला तरी उसासा ऐकू येतो, म्हणून चूक ऐकली तरी श्वास जागेवर ठेवायचा. शब्द कळला नाही तर अंदाज न करता विचारायचं. विद्यार्थ्यालाही शिकवावं लागतं. परिच्छेद कुठे, अधोरेखन कुठे, अवतरण कुठे सुरू आणि कुठे संपलं, हे त्याने सांगायचं. आपण लिहिताना ज्या गोष्टी न बोलता करतो, त्या सगळ्या त्याला बोलून कराव्या लागतात. हे अवघड आहे आणि वर्षभराच्या सरावाशिवाय येत नाही. आकृतीच्या प्रश्नाला पर्यायी प्रश्न द्यावा असं सूचना म्हणतात. तो छापलेला नसेल तर पेपर सुरू होण्याआधी केंद्रप्रमुखाला लेखी द्यायचं, नंतर नाही.

शुद्धलेखनाचा प्रश्न मात्र मला कधी नीट सोडवता आला नाही. विद्यार्थी 'परिस्थिती' म्हणतो. लेखनिक 'परीस्थीती' लिहितो. गुण गेले तर कोणाचे? आणि उलट, लेखनिकाचं शुद्धलेखन उत्तम असेल, तर विद्यार्थ्याला जे येत नाही त्याचे गुण त्याला मिळतात. इतिहासाच्या पेपरात हे चालून जाईल. मराठीच्या पेपरात, जिथे भाषा हाच विषय आहे, तिथे काय करायचं? माझं मत असं, की मराठीचा विद्यार्थी शक्य तर स्वतः टंकलेखन करून पेपर देणारा हवा. २०१८ च्या सूचनांत ती सोय आहे, संगणक एक दिवस आधी तपासून पाहण्याचीही आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर क आणि मग वेलांटी अशा उच्चाराच्याच क्रमाने टंकायचं असतं. ब्रेल येणाऱ्याला तो आठवड्याभरात बसतो.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीने असा पेपर दिला. पहिलं वर्ष, विषय मराठी. केंद्रावर संगणक होता, पडदा-वाचक आम्ही आदल्या दिवशी टाकून घेतला. निकालानंतर ती उत्तरपत्रिकेची प्रत घेऊन माझ्याकडे आली, आधीच्या परीक्षेपेक्षा नऊ गुण कमी. परीक्षकाने ठिकठिकाणी लाल गोल केले होते आणि शेवटी 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' असा शेरा होता. तिच्या आयुष्यातला हा पहिला शेरा. मी ती उत्तरं तिला वाचून दाखवायला लागले तर तिने थांबवलं. "उत्तरं नको बाई, ती मला माहीत आहेत. गोल कुठे कुठे आहेत ते सांगा." आम्ही त्या दुपारी 'की' आणि 'कि', 'पाणि' आणि 'पाणी' करत बसलो. मधेच तिने विचारलं, "म्हणजे आत्तापर्यंतचे माझे मराठीचे मार्क कोणाचे होते?" मला जिन्याखालची खोली आठवली. मी चहा टाकायला उठले.

यंदा ती तिसऱ्या वर्षाला आहे. केंद्र बदललं आहे आणि नव्या केंद्रावर संगणकाची सोय होईल की नाही हे अजून कोणी सांगत नाही. अर्ज जुलैत दिला आहे, त्याची पोच आहे, उत्तर नाही. तोवर हाताशी असावी म्हणून अकरावीतली एक मुलगी लेखनिक म्हणून ठरवून ठेवली आहे. तिचं अक्षर बरं आहे. मराठीच्या पेपरला तीन तास अधिक एक तास असे चार तास बसावं लागेल, हे तिच्या आईला सांगून झालं आहे. परवा दोघी माझ्याकडे पहिल्या सरावाला येणार आहेत.